चार मुलगे, चार मुलूख आणि नातेवाइकाचा अधिकार: बोर्गस्ट्रॉम कुटुंबाचं प्रकरण

अमेरिकेच्या युटा राज्यात, अगदी उत्तरेला, बेअर रिव्हरच्या खोऱ्यात थॅचर नावाचं शेतकऱ्यांचं छोटं गाव आहे. हा बीटच्या साखरेचा पट्टा. शेजारच्या गार्लंडला 1903 सालीच साखर कारखाना उभा राहिला होता. वस्ती जवळजवळ सगळी मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाची. या गावातल्या आल्बेन आणि गुंडा बोर्गस्ट्रॉम यांचे चार मुलगे 1944 साली पाच महिने आठ दिवसांत गेले, चौघे चार मुलखांत.

क्लाइड मरीन कोअरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैनिक दलात होता. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनॉल बेटावरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. तिथं धावपट्टीसाठी जंगल साफ करताना झाड अंगावर पडून तो 17 मार्चला गेला. वय 28. लेरॉय 30 वर्षांचा, पायदळातला, 22 जूनला इटलीत पडला. रोलन बॉम्बर विमानावर होता, तो 8 ऑगस्टला इंग्लंडमध्ये गेला. रुलन 25 ऑगस्टला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, ब्रेस्ट बंदराच्या वेढ्याच्या लढाईत. रोलन आणि रुलन जुळे. दोघांचंही वय 19. पाचवा भाऊ बॉइड मरीनमध्येच होता, त्याला लष्करानं सेवेतून मोकळं करून घरी धाडलं.

अमेरिकेत अशा घरांची चर्चा निघाली की आयोवातल्या सलिव्हन भावांचं नाव आधी येतं. ते पाचही भाऊ नोव्हेंबर 1942 मध्ये 'जुनो' या एकाच क्रूझरवर गेले आणि देशभर त्यांची कहाणी गाजली. बोर्गस्ट्रॉम त्या मानानं उपेक्षितच राहिले. पण अभ्यासाला घ्यायचं तर मी हेच घर घेईन. सैनिकाला सरकार जो सन्मान देतं, म्हणजे झेंडा, बिगूल, पदक, दगड, तो इथे पुरेपूर मिळाला. मात्र मॉर्मन घरात एवढ्यानं भागत नाही. तिथे मेलेल्यासाठी करायचं एक काम मागे उरतं. ते कुणी करायचं आणि कुणाला विचारून करायचं, हा प्रश्न पुढे या पंथाला चांगलाच महागात पडला.

सरकारनं वडिलांना काय विचारलं

युद्ध चालू असताना अमेरिकेनं आपले मृत सैनिक जिथले तिथे तात्पुरत्या दफनभूमीत पुरले. 1946 मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकाला छापील अर्ज गेला: मुलाला कायमचं परदेशातल्या अमेरिकी लष्करी दफनभूमीत ठेवायचं, की सरकारी खर्चानं घरी आणायचं? घरी आणायचं तर गावच्या दफनभूमीत की राष्ट्रीय दफनभूमीत? 'जवळचा' कोण, याचाही क्रम ठरलेला होता. आधी बायको, मग सज्ञान मुलगे, मग वडील, मग आई. ऑक्टोबर 1947 मध्ये शवपेट्या घेऊन पहिली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कला लागली. पुढच्या चार वर्षांत सुमारे 1,71,000 जण घरी आले. बाकीचे तिकडेच राहिले.

तिकडे राहिलेल्यांच्या डोक्याशी संगमरवरी क्रूस उभा राहिला, ज्यू असेल तर डेव्हिडचा तारा. तिसरा पर्याय नव्हता. आता मॉर्मन लोक क्रूस वापरत नाहीत. त्यांच्या चर्चच्या मनोऱ्यावर तो नसतो, गळ्यात नसतो, घरात नसतो. मेलेल्या ख्रिस्तापेक्षा जिवंत ख्रिस्ताकडे बघावं असं त्यांचं म्हणणं. म्हणजे परदेशी राहिलेल्या मॉर्मन मुलाच्या माथ्यावर त्याच्या आईनं घरात कधी न टांगलेली खूण कायमची आली. अमेरिकेतल्या सरकारी थडग्यांच्या दगडांवर आज मॉर्मनांच्या मोरोनाय देवदूताचं चिन्ह कोरून मिळतं, पण ती सोय परदेशातल्या त्या पांढऱ्या रांगांमध्ये नाही.

बोर्गस्ट्रॉमांनी चौघांनाही परत आणलं. 26 जून 1948 ला गार्लंडच्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे पंथाच्या मोठ्या प्रार्थनागृहात, चार शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. राज्याचे गव्हर्नर हर्बर्ट मॉ आले, चर्चचे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ आले, आणि जनरल मार्क क्लार्क आले. क्लार्क म्हणजे इटलीतल्या पाचव्या आर्मीचे सेनापती, लेरॉय ज्यांच्या फौजेत लढता लढता गेला तेच. दफन ट्रेमाँटनच्या रिव्हरव्ह्यू दफनभूमीत झालं. इतक्या लहान खोऱ्यात एवढा मोठा लवाजमा पूर्वी आला नसेल. सरकारच्या बाजूनं प्रकरण इथं संपलं.

मेलेल्यासाठी काम

मॉर्मन हे बोलीतलं नाव. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि 2018 पासून चर्च त्याचाच आग्रह धरतं. या पंथाची जी शिकवण बाकीच्या ख्रिस्ती जगाला सगळ्यात चमत्कारिक वाटते, ती म्हणजे मृतांसाठी बाप्तिस्मा. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं ती पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली 15 ऑगस्ट 1840 रोजी, इलिनॉय राज्यातल्या नॉव्हू गावात, सीमोर ब्रन्सन याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात. हा ब्रन्सन 1812 च्या युद्धात लढलेला माणूस. म्हणजे शिकवणीचा उच्चारच एका जुन्या शिपायाच्या मयतीत झाला. ऐकणाऱ्यांत जेन नेमन नावाची एक बाई होती. तिचा मुलगा बाप्तिस्मा न घेता वारला होता. तिनं मिसिसिपी नदीत उतरून त्याच्या नावानं बाप्तिस्मा घेतला. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा एका ओळीत उल्लेख आहे. बाकीचे ख्रिस्ती ती ओळ वाचून पुढे जातात. मॉर्मनांनी तिच्यावर मंदिरं उभी केली.

त्यामागचा हिशेब सरळ आहे. मुक्तीसाठी काही विधी देहानं करावे लागतात. मेलेल्याला देह नाही, म्हणून जिवंत माणसानं त्याच्या वतीनं ते करायचे. बाप्तिस्मा हा पहिला. त्यानंतर एन्डाउमेंट, म्हणजे मंदिरात घ्यायची दीक्षा आणि व्रतं. मग सीलिंग: नवरा-बायको आणि आईबाप-मुलं यांना अनंतकाळासाठी बांधून घेणं. मात्र मेलेला आत्मा तिकडे हे स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा असतो, असंही ते आवर्जून सांगतात. ही पळवाट नव्हे, सिद्धांतच आहे.

भक्त मॉर्मन घरातल्या 19 वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा आठव्या वर्षीच झालेला असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत पाण्याचा विधी उरत नाही. उरते ती बहुधा एन्डाउमेंट. तरुण ती साधारणपणे मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघण्याआधी घेतात, आणि 1942 पासून लष्करात जाण्याच्या वयाच्या मुलांना मिशनवर पाठवणं चर्चनं थांबवलं होतं. ज्या वयात गावोगाव दार वाजवत धर्म सांगायचा, त्या वयात ही मुलं गणवेशात गेली. काहींनी निघण्यापूर्वी मंदिर गाठलं, पुष्कळांनी नाही. अशा मुलासाठी कालांतरानं वडील, भाऊ, चुलता मंदिरात जातो आणि त्याच्या नावानं अख्खा विधी करतो. बेअर रिव्हर खोऱ्याला तेव्हा जवळचं मंदिर म्हणजे लोगानचं, 1884 सालचं.

मृतांचा बाप्तिस्मा कसा होतो तेही सांगतो, कारण त्याबद्दल भलत्याच कल्पना असतात. थडगी उकरत नाहीत, प्रेत आणत नाहीत. बारा धातूच्या किंवा दगडी बैलांच्या पाठीवर एक मोठा हौद असतो. पांढऱ्या कपड्यातली मुलं-मुली, कधी अकरा-बारा वर्षांचीसुद्धा, एकेक करून पायऱ्या उतरतात. हातात धरायला नावांच्या चिठ्ठ्या: पुरुषांच्या निळ्या, बायकांच्या गुलाबी. नाव उच्चारलं जातं, मूल पूर्ण पाण्याखाली जाऊन वर येतं, की पुढचं नाव. पुरुषासाठी मुलगा, बाईसाठी मुलगी. एकाच मुलाच्या वाट्याला पाठोपाठ पाच-दहा नावंही येतात. ओलं डोकं पुसत ते बाहेर येतं तेव्हा कुणा सतराव्या शतकातल्या पणजोबाचं नाव त्याच्या तोंडात बसलेलं असतं. बाकी काही म्हणा, नावं पाठ करून घ्यायची ही तऱ्हा शाळेतल्या इतिहासापेक्षा बरी.

या शिकवणीला युद्धाचा खरा स्पर्श झाला तो 1918 मध्ये. तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ आजारी होते. त्यांचा मुलगा हायरम मॅक, स्वतः पंथाच्या नेतृत्वात प्रेषितपदावर असलेला, त्या वर्षीच्या जानेवारीत वारला होता. युरोपात महायुद्ध चालू, त्यात इन्फ्लुएंझाची साथ. 3 ऑक्टोबरला त्यांना दर्शन झालं: मेलेल्या आत्म्यांचं जग, आणि तिथे धर्म सांगण्याचं काम करणारे श्रद्धावान. इथून गेलेले सेवक तिकडे आपलं काम पुढे चालवतात, हा त्यातला गाभा. स्मिथ 19 नोव्हेंबरला गेले, युद्धबंदीनंतर आठ दिवसांनी. मजकूर तेव्हाच छापून आला, पण धर्मग्रंथात अधिकृत जागा मिळायला 1976 उजाडलं.

पोटचा पोर गेलेल्या घरात या दर्शनाला केवढं वजन आलं असेल ते उघड आहे. मुलगा 'गेला' याऐवजी मुलगा 'मिशनवर आहे' असं म्हणता येऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात मॉर्मन प्रवचनांमधून हा धीर वारंवार दिला गेला. मला यात थोडी भीतीही वाटते. मरणाचं इतकं सोयीचं स्पष्टीकरण हाताशी असलं की ते मरण कुणी ओढवलं हे विचारायचं राहून जातं. चर्चनं मात्र तो प्रश्न टाळला नव्हता, हे मान्य करायला हवं. एप्रिल 1942 च्या परिषदेत वाचलेल्या निवेदनात युद्ध हे मतभेद मिटवण्याचा धर्माला मान्य असा मार्ग नाही, असं सांगितलं होतं. पण देशानं बोलावलं तर नागरिकानं जावं, आणि हुकमानं लढलेल्या शिपायाच्या माथी खुनाचं पाप नाही, ते युद्ध लादणाऱ्या सत्ताधीशांच्या माथी, असंही त्यात होतं. ही भाषा मुद्दाम तोलून वापरलेली होती, कारण जर्मन सैन्यातही मॉर्मन मुलं होती आणि तीही मरत होती. मंदिरातल्या चिठ्ठीवर गणवेशाचा रंग लिहीत नाहीत.

कागदांवाचून काही होत नाही

मंदिरात जायचं तर नाव लागतं. नुसतं नाव पुरत नाही. तारीख लागते, गाव लागतं, आईबाप लागतात, नाहीतर एक जॉन स्मिथ आणि दुसरा जॉन स्मिथ यांत फरक कसा करणार? जगातला सगळ्यात मोठा वंशावळीचा संग्रह या पंथाकडे आहे तो या गरजेतून. 1894 मध्ये त्यांनी वंशावळ संस्था काढली. सॉल्ट लेक सिटीजवळ लिटल कॉटनवूड खिंडीत ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून तिजोरी बांधली, ती 1965 साली पूर्ण झाली. जगभरची दफ्तरं, चर्चच्या वह्या, जनगणना यांची चोवीस लाखांच्या आसपास मायक्रोफिल्म रिळं तिथे साठली. 1999 मध्ये 'फॅमिलीसर्च' ही वेबसाइट सुरू झाली. ती कुणालाही फुकट आहे, मॉर्मन असण्याची अट नाही. आपल्याकडचा धागाही इथे आहे: हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मही याच संस्थेनं काढली.

सैनिकांच्या बाबतीत हे काम वाटतं तितकं सोपं नाही. 12 जुलै 1973 ला सेंट लुइसच्या राष्ट्रीय सेवापुस्तिका केंद्राला आग लागली. 1912 ते 1960 या काळात सेवा संपलेल्या आर्मीच्या माणसांच्या फायलींपैकी सुमारे 80 टक्के त्यात गेल्या. सगळ्या मिळून 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली. मायक्रोफिल्म नव्हती, दुसरी प्रत नव्हती. बोर्गस्ट्रॉम भावांपैकी तिघे आर्मीचे (हवाई दल तेव्हा आर्मीचाच भाग होतं), म्हणजे तिघेही या जळालेल्या वर्गातले. क्लाइड मरीन, त्या फायली त्या आगीत नव्हत्या. ज्याची फाइल जळाली त्याचा शोध मग आडवळणानं घ्यावा लागतो. भरतीच्या वेळचं ड्राफ्ट कार्ड, थडग्याच्या दगडासाठी केलेला अर्ज, गावच्या वर्तमानपत्रातली बातमी, आणि लष्कर प्रत्येक मृत सैनिकामागे वेगळी ठेवत असे ती मृत्यूची फाइल. या शेवटच्या फाइलमध्ये वडिलांनी भरलेला तो 'कुठे पुरायचं' वाला अर्ज सापडतो, सहीसकट.

आता खरी अडचण. 19-20 व्या वर्षी मेलेल्याला लेकरं नसतात. आपल्या आजोबांचा शोध घेणारा नातू त्यांच्या मेलेल्या भावाकडे सहसा वळत नाही, कारण त्या फांदीला पुढे पालवी नाही. युद्धात मेलेले सगळ्यात आधी वंशावळीतून गळतात ते असे. मॉर्मन कुटुंबात निदान कामाचा दट्ट्या असतो: विधी राहिला असेल तर तो कुणी तरी पुरा केलाच पाहिजे, मग पुतणी करो की भाचा. आपल्या धर्मशास्त्रानंही ही गोष्ट ओळखली होती. भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्रानं मेलेल्यांसाठी राखून ठेवली, आणि श्राद्धाचा अधिकार मुलगा नसेल तर कुणाकडे जातो याची उतरंडही घालून दिली. 1946 चा अमेरिकी अर्ज, फॅमिलीसर्चचा पुढे येणारा नियम आणि आपली अधिकाराची उतरंड एकाच ठिकाणी येऊन पोचतात: आधी नातं सिद्ध करा.

नातं नसताना

बोर्गस्ट्रॉमांच्या घरात हा प्रश्न कधी बोचला नसता. मुलं त्यांची, धर्म त्यांचा, मंदिर त्यांचं. पण या व्यवस्थेचं इंजिन एकदा सुरू झालं की ते घराच्या कुंपणापाशी थांबत नाही. भाविक स्वयंसेवक याद्या शोधू लागले, आणि याद्या तर युद्धानंतर मुबलक होत्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झालं की नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावंही मोठ्या प्रमाणावर प्रतिनिधी-बाप्तिस्म्यासाठी गेली आहेत. ज्यू म्हणून मारलेल्या माणसाला मेल्यावर ख्रिस्ती विधीत ओढायचं, हे वाचलेल्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकल्यासारखं वाटलं. 1995 मध्ये चर्चनं करार केला, सुमारे 3,80,000 नावं काढली, आणि होलोकॉस्टमधल्या ज्यूंची नावं त्यांच्या थेट वंशजांशिवाय कुणी घालू नयेत असं ठरलं. तरीही प्रकार चालूच राहिले. 2012 मध्ये अ‍ॅन फ्रँकचं आणि पाकिस्तानात मारला गेलेला ज्यू पत्रकार डॅनियल पर्ल याचं नाव अशा बाप्तिस्म्यांत निघालं. तेव्हा चर्चच्या अध्यक्षमंडळानं सभासदांना खरमरीत पत्र काढलं आणि संगणकावरच्या वाटा बंद केल्या.

चर्चचा बचाव असा की आत्मा नाकारायला मोकळा आहे, मग कुणाचं काय बिघडलं? मला हा बचाव लंगडा वाटतो. तो आत्म्यापुरता ठीक असेल, पण नाव हे नुसतं आत्म्याचं नसतं. ते मागे उरलेल्यांचं असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. थॅचरच्या मुलासाठी घरच्यांनी करायचा विधी आणि छळछावणीच्या यादीवरचा विधी, मंदिर तेच, श्रद्धा तीच. पहिल्यात सन्मान आहे कारण बापाच्या हातात मुलाचं नाव होतं. दुसऱ्यात ते एका अनोळखी माणसाच्या हातात होतं, आणि त्यानं ते चांगल्या मनानं उचललं होतं यानं फारसा फरक पडत नाही.

आजचा नियम असा: गेल्या 110 वर्षांत जन्मलेल्या माणसाचं नाव घालायचं तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी हवी. जोडीदार, सज्ञान मुलं, आईबाप, भावंडं यांपैकी कुणाची. शिवाय सभासदांनी आपल्याच वंशातली नावं घ्यावीत. 1944 मध्ये 19 वर्षांचा असलेल्या सैनिकासाठी परवानगीची ही मुदत 2035 च्या आसपास संपते. पहिल्या महायुद्धातल्यांची तर जवळपास सगळ्यांची संपली आहे. होलोकॉस्टमधल्या ज्यूंसाठीचं बंधन मुदतीवर टांगलेलं नाही, कारण त्यांच्या वतीनं भांडायला संघटना उभ्या राहिल्या. बाकी धर्मांच्या युद्धमृतांसाठी तसं कुणी भांडलेलं नाही. त्यांना राखण आहे ती 'आपल्याच वंशातली नावं घ्या' या सूचनेची, आणि सूचना किती पाळली जाते ते 2012 मध्ये दिसलं.

हा मुद्दा आपल्याही दारात येतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या. तिकडे मेलेल्या आणि थडगं नसलेल्या सैनिकांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हजारो साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा टाकला: अमुक पलटण, आणि इतर इतके. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) हा भेदभाव होता, असं एप्रिल 2021 च्या अहवालात कबूल केलं आणि नावं गोळा करून प्रसिद्ध करण्याचं काम हाती घेतलं. ती नावं जसजशी गाव आणि बापाच्या नावासकट जाहीर होतील, तसतशी ती कुणालाही शोधता येतील. साताऱ्याच्या पणतूलाही, आणि चिठ्ठी भरायला नावं हुडकणाऱ्या परक्यालाही. 110 वर्षं त्यांना केव्हाच होऊन गेली आहेत, तेव्हा कागदोपत्री विचारायचं बंधन कुणावर नाही. पणतूनं आधी पोचायचं असेल तर त्याला आज सोय आहे: फॅमिलीसर्चवर पणजोबाची नोंद त्यानं स्वतः करावी, पलटण आणि गाव घालावं, आणि नातेवाईक म्हणून आपलं नाव तिथे लावून ठेवावं.